आठ पाहुण्यांचा सोफा आणि एक नवरा

मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी माझ्या एखाद्या भावंडावर झोपले असतील आणि सकाळी उठून त्याला शिव्या दिल्या असतील. त्याबद्दल मनात काही नाही. आमची जातच अशी, की बसलेल्याला वाटतं जरा आडवं व्हावं, आणि आडवा झालेल्याला वाटतं बसूनच रात्र काढली असती तर पाठ वाचली असती. होय, मी एक जुना सोफा-कम-बेड आहे. स्वीडनमध्ये, गोथेनबर्ग शहरात, टेकडीवरच्या शेवटच्या ट्राम थांब्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर राहतो. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि मी.

माझा जन्म एका लहान गावातल्या कारखान्यात झाला. बर्चच्या लाकडाची चौकट, लोखंडी बिजागऱ्या, वर जाड हिरवं कापड. ज्या माणसाने माझे शेवटचे खिळे ठोकले त्याने मला तीनदा उघडलं, तीनदा मिटलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हा आपल्यापेक्षा जास्त टिकेल." दोघेही पुढच्याच वर्षी निवृत्त होणार होते, त्यामुळे ही स्तुती किती मनावर घ्यायची हे मला कधी ठरवता आलं नाही.

माझी पहिली मालकीण इंगेयेर्द नावाची म्हातारी होती. मुलगा राहायला येईल म्हणून तिने मला घेतलं. मुलगा दर नाताळात यायचा आणि हॉटेलात उतरायचा. तुला त्रास नको, असं तो म्हणायचा. तुला तरी कशाला त्रास, असं ती म्हणायची. अशा रीतीने कोणालाही त्रास न होता कितीतरी नाताळ गेले. दर गुरुवारी ती माझ्यावरून धूळ ओढणारं यंत्र फिरवायची. मी स्वच्छ होतो, नीट होतो, आणि एकदाही उघडलो गेलो नव्हतो. मित्रांनो, ज्याच्या नावात 'बेड' आहे पण ज्याने झोपलेला माणूस पाहिलेला नाही, त्याच्या मनाला काय वाटत असेल याचा विचार करा. पुढे ती वृद्धाश्रमात गेली आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात.

तिथून मला अकबेरेतने उचललं. अक्षरशः उचललं. अकबेरेत मूळची पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाची, इथे ट्राम चालवते. ट्राममधून सोफा नेता येत नाही हा नियम तिला पाठ होता, कारण ती स्वतःच लोकांना तो ऐकवायची. म्हणून ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मला हातांवर घेऊन रुळांच्या कडेने टेकडी चढल्या. प्रत्येक थांब्यावर मला खाली ठेवायच्या आणि माझ्यावर बसून दम घ्यायच्या. ट्रामची वाट बघणारे लोकही हळूच टेकायचे. एक आजोबा तर इतके रमले, की त्यांची ट्राम आली आणि गेली. शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे चालक अकबेरेतला बघून घंटा वाजवत होते. तिला वाटलं, चिडवतायत. मला वाटलं, माझी वरात निघालीय.

घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी मी उघडलो गेलो. त्यानंतर काही वर्षं मी मिटलो असं मला फारसं आठवत नाही.

कारण अकबेरेतच्या लोकांमध्ये पाहुण्याला तीन गोष्टी विचारत नाहीत. कोण तुम्ही, का आलात, आणि कधी जाणार. आधी हात धुवायला पाणी, मग इंजेरा, म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीण, परातीएवढी. त्यावर तिखटजाळ रस्सा. मग कॉफी. मग मी. समुद्रावरून, वाळवंटातून, दुसऱ्या गावच्या छावणीतून जो येईल तो माझ्यावर झोपायचा आणि अकबेरेत स्वयंपाकघरात गादी टाकायची. पहिला आला तो तिचा चुलतभाऊ. मग चुलतभावाचा मेव्हणा. मग मेव्हण्याबरोबर बोटीत बसलेला एक. मग चर्चमधला एक लांब दाढीवाला, जो झोपेतही प्रार्थना म्हणायचा आणि उठल्यावर म्हणायचा की रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

या देशात माणसाला पत्ता नसेल तर तो माणूस नसतो. पत्ता नाही तर बँकेचं खातं नाही, डॉक्टर नाही, नोकरी नाही. म्हणून जो येई त्याला अकबेरेत सांगायची, "माझा पत्ता लाव, त्यात काय." मग सरकारदरबारी त्याची नोंद या घरात व्हायची आणि दारावर त्याच्या नावाची एक पट्टी चिकटायची. माणसं नोकऱ्या लागून दुसऱ्या गावी गेली. नावं राहिली. दारावर पट्ट्या इतक्या झाल्या, की मूळ मालकीण कोण हे पोस्टमनलाही सांगता येईना. तो पत्रं ढीग करून आत सारायचा आणि म्हणायचा, तुमचं तुम्ही वाटून घ्या.

आता खरी गोष्ट सांगतो. अकबेरेतचा नवरा तेस्फालेम युगांडात, कम्पाला शहरात होता. लग्न तिथेच झालं, तिच्या रजेत, घाईघाईने. लग्नानंतर ती परत आली आणि तो तिथेच राहिला. मग सुरू झाली वाट बघणं. नवऱ्याला इकडे आणायचं तर बायकोने दोन गोष्टी दाखवायच्या असतात. दोघांचं पोट भरेल इतका पगार, आणि दोघं मावतील इतकं घर.

पगारासाठी तिने काय केलं नाही. आधी बदली कामगार म्हणून वृद्धाश्रमात, मग ट्रामचं शिक्षण, मग परीक्षा, मग कधी बोलावतील तेव्हा जायचं अशी नोकरी. बोलावतील तेव्हाची नोकरी परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीला चालत नव्हती. त्यांना कायमची हवी होती. डेपोतला एक जण तिला चिडवायचा, की मला बायकोला एक आठवडा समुद्रावर न्यायचं म्हटलं तरी घाम फुटतो, आणि तू आख्खा नवरा पोसायला निघालीस. ती म्हणायची, "माझा कमी खातो." शेवटी नोकरी कायम झाली. त्या दिवशी ती माझ्यावर बसून फोनवर तेस्फालेमला सांगत होती आणि दोघंही बराच वेळ काहीच बोलले नाहीत. फोनचं बिल मात्र चालू होतं.

अर्ज गेला. पगार पास झाला. आणि एका दुपारी कचेरीतून एका बाईंचा फोन आला. आवाज इतका मऊ, की माझ्या उशा त्यापुढे दगड. अकबेरेतने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, म्हणून मी सगळं ऐकलं.

"तुमचं घर एका खोलीचं आहे ना?"

"हो."

"त्यात नऊ माणसं नोंदलेली आहेत."

"ती इथे राहत नाहीत."

"मग कुठे राहतात?"

"गेली."

"कधी गेली?"

कधी जाणार हे विचारायचं नसतं, तर कधी गेला हे तरी कोण मोजतं? बाईंनी मग अत्यंत सभ्यपणे विचारलं, की या आठ जणांचा खर्चही तुमच्या पगारातून होतो का. अकबेरेतला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "इथे असले तर जेवूनच जातात."

पलीकडे पेनाची कुरकुर ऐकू आली.

थोडक्यात, कागदावर त्या खोलीत नऊजण राहत होते, नऊजण जेवत होते, आणि दहाव्याला आणायची परवानगी मागितली जात होती. बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्याच्या आत पत्ता मोकळा झाल्याचं दिसलं तर ठीक, नाहीतर अर्ज नामंजूर करावा लागेल. मग पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, आणि तोपर्यंत नियम आणखी कडक होणार अशी सगळीकडे बोलवा होती.

फोन ठेवून अकबेरेत माझ्यावर आडवी झाली. तिला माणसांना फोन करून एवढंच सांगायचं होतं, की बाबांनो, तुमचं नाव माझ्या घरून काढा. पण मित्रांनो, तिच्या लोकांत हे म्हणजे पाहुण्याच्या ताटातला घास काढून घेण्यासारखं. माझ्या घरून नाव काढ, याचा अर्थ तू कधी माझ्या घरी आलाच नव्हतास. चार दिवस ती फोन हातात घ्यायची, नाव शोधायची, आणि फोन लागला की तब्येत कशी आहे एवढं विचारून ठेवून द्यायची. चुलतभावाला वाटलं, हिला काहीतरी मोठा आजार झालाय. त्याने तिकडून संत्री पाठवली.

सरकारला कळवायचाही एक मार्ग होता, की ही माणसं इथे राहत नाहीत. पण मग त्यांची चौकशी लागणार, दंड होणार. ते तिच्याने होणार नव्हतं.

मग लेतेब्रहान मावशी आल्या. या मावशी सगळ्या गावाच्या मावशी होत्या आणि सख्ख्या कोणाच्याच नव्हत्या. चर्चच्या स्वयंपाकघराचा कारभार त्यांच्याकडे. फोन कानाला आणि हात कढईत, अशीच त्यांची मूर्ती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "मूळ हा आहे. हा आहे म्हणून लोक राहतात. ह्याला आधी खाली कचऱ्यात टाक."

माझ्या बिजागऱ्या थिजल्या. अकबेरेत म्हणाली, "मावशी, मग तेस्फालेम झोपेल कुठे?"

"हं," मावशी म्हणाल्या. "मग राहू दे. फोन आण."

मावशींनी काय केलं ते ऐका. त्यांनी एकालाही नाव काढ म्हणून सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं, की अकबेरेतचं लग्न परमुलखात झालं, कोणाला वऱ्हाडात मिरवता आलं नाही. आता नवरदेव खरोखर येतोय. त्याच्यासाठी घर मोकळं करायचा मान त्याच्या भावांचा असतो. तुला मान हवाय का, का दुसऱ्या कोणाला देऊ?

फोनवर एकेक जण हातघाईवर आला. मला आधी का नाही सांगितलं म्हणून मेव्हणा रुसला. बोटीतल्याने पाच मिनिटांत नाव काढून पुरावा पाठवला. चुलतभावाला सगळं फोनवरच करता येत होतं, पण तो सूट घालून मुद्दाम गोथेनबर्गला आला, माझ्यावर ताठ बसला, आम्हा सगळ्यांच्या देखत पत्ता बदलला आणि फोटो काढायला लावला. झोपेत प्रार्थना म्हणणाऱ्याने नाव काढून वर आशीर्वादही दिला. दारावरच्या पट्ट्या एकेक करून निघाल्या आणि खाली लाकूड दिसलं. आठातली सात नावं गेली.

आठवं नाव झेराय.

मावशींनी विचारलं, "हा कोणाचा?"

अकबेरेत म्हणाली, "मेव्हण्याचा ना?"

मेव्हण्याला विचारलं. तो म्हणाला, मला वाटलं चुलतभावाचा. चुलतभाऊ म्हणाला, छे, तो तर चर्चवाल्यांचा. चर्चवाले म्हणाले, आम्ही तर समजत होतो अकबेरेतच्या सासरचा कोणीतरी आहे, म्हणून तर त्याला मांसाचा मोठा तुकडा वाढत होतो. तेस्फालेमला फोन केला. त्याने बराच विचार करून सांगितलं, की आमच्याकडे झेराय नावाचा एक होता, पण तो माझ्या जन्माआधी वारला.

हा माणूस तीन आठवडे माझ्यावर झोपला होता. मला तो चांगला आठवत होता. कुशीवर झोपायचा, पाय पोटाशी घ्यायचा, चहा करताना बारीक आवाजात गुणगुणायचा. गेला तो न सांगता, एका सकाळी भांडी घासून, ओटा पुसून. पण तो कोण, कुठून आला, हे कोणालाही ठाऊक नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. विचारायचं नसतं. आणि आता त्या एका नावावर तेस्फालेमचं येणं अडलं होतं.

मावशींनी मग गावोगावच्या चर्चमध्ये निरोप धाडला. गोथेनबर्गच्या अकबेरेतला झेराय हवाय. निरोप निघाला तेव्हा एवढाच होता. वाटेत त्याला माणसं मिळत गेली आणि तो वाढत गेला. मधल्या गावात पोचला तेव्हा अकबेरेत झेरायसाठी जंग जंग पछाडत होती. उत्तरेच्या टोकाला पोचला तेव्हा ती दोन वर्षं अन्नाला शिवलेली नव्हती आणि रोज त्याचं नाव घेऊन छाती पिटत होती.

महिना संपत आला. अकबेरेतने फोनवर तेस्फालेमला सांगायला सुरुवात केली, की कदाचित यंदा जमणार नाही. तो म्हणाला, चालेल. तो नेहमीच चालेल म्हणायचा. त्याने ओरडावं, भांडावं असं तिला वाटत होतं, पण तो चालेल म्हणायचा आणि मग तिच्या ट्रामबद्दल विचारायचा.

आणि एका शनिवारी दाराची बेल वाजली. दारात झेराय. अंगात कोट, हातात थंड खोका, चेहरा फाशी जाणाऱ्याचा.

अकबेरेतला शंभर गोष्टी विचारायच्या होत्या. पण पाहुण्याला कधी, का, कशाला विचारत नाहीत. तिने हात धुवायला पाणी दिलं. तिने मावशींना फोन केला. मावशी आल्या आणि कॉफीच्या बिया भाजायला बसल्या. छतावरची धुराची घंटा वाजू नये म्हणून त्या घंटेला अंघोळीची टोपी घातली. झेरायने खोका पुढे केला. तो उत्तरेला रेनडिअरचं मांस पाकिटांत भरायच्या कारखान्यात कामाला होता आणि भेट म्हणून दहा किलो घेऊन आला होता. ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता. खोलीत मांस खाऊ शकेल असं कोणीही नव्हतं, आणणारा धरून. अकबेरेतने ते आदराने शीतकपाटात ठेवलं.

आता, मित्रांनो, त्यांच्यात कॉफीचे तीन कप होतात, आणि महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या कपाआधी काढत नाहीत. पहिल्या कपाला सगळे हवेबद्दल बोलले. हवा वाईट होती. दुसऱ्या कपाला तब्येतींची चौकशी झाली. झेरायच्या कपाळावर घाम होता, अकबेरेत खांद्यावरच्या शालीचं टोक पिळत होती. माझ्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ती, दोघंही इतके कडेला बसले होते, की मधली जागा रिकामी आणि मी दोन्ही बाजूंनी वाकलेला. मावशी तिसरा कप ओतायला मुद्दाम वेळ लावत होत्या. त्या भांड्याच्या तोंडातून कॉफी पडायच्या आधी दोघंही एकदम बोलले.

ती म्हणाली, "भाऊ, मला माफ कर."

तो म्हणाला, "ताई, मी चोर आहे."

मावशींनी भांडं खाली ठेवलं. "एकेक करून बोला रे. आधी चोर बोलू दे."

झेरायने जे सांगितलं ते असं. तो गोथेनबर्गला पहिल्यांदा आला तेव्हा त्याला वरच्या मजल्यावरच्या हाब्तोमने बोलावलं होतं. लिफ्ट बंद होती. मोठी बॅग घेऊन जिना चढता चढता मजले मोजण्यात त्याची चूक झाली. या घरात त्या दिवशी कोणाच्या तरी बाळाच्या बारशासारखं काही होतं, दार सताड उघडं होतं, आणि दारावर इतकी नावं होती, की हाब्तोम त्यातच कुठेतरी असणार असं त्याला वाटलं. आत आला, कोणीतरी हात धुवायला पाणी दिलं, कोणीतरी ताट पुढे केलं. जेवून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की इथे हाब्तोम कोणीच नाही.

"मग विचारायचं नाही का, बाबा?" मावशी म्हणाल्या.

"जेवल्यावर विचारू? तुमचं खाऊन वर हे घर चुकीचं आहे म्हणू?"

मुद्दा बिनतोड होता.

मग दिवस गेले. अकबेरेतने स्वतःहून पत्ता लाव म्हटलं, तर त्याने लावला. नाही म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं. तीन आठवड्यांनी लाज असह्य झाली तेव्हा तो उत्तरेला पळाला. "दुसऱ्याच्या वाटणीचं जेवलो, दुसऱ्याच्या वाटणीचा झोपलो," तो म्हणाला. "तुला कळलं, तू मला शोधतेयस, अन्न सोडलंस, हे ऐकलं आणि निघालो. जी शिक्षा असेल ती दे."

अकबेरेत हसायला लागली. ती हसू आवरायला तोंडावर हात ठेवायची आणि हसू बाजूने बाहेर यायचं. मावशींनी झाडूचा दांडा घेऊन छतावर तीनदा ठोकलं. वरून हाब्तोम चप्पल फटफटवत खाली आला, झेरायला बघून दारातच थांबला आणि सगळं ऐकल्यावर खाली बसला.

"दोन वर्षं मी ह्याला गावभर शिव्या घालतोय," तो म्हणाला. "स्वयंपाक करून ठेवला होता मी. तो कृतघ्न आहे म्हणून मी लग्नात, मयतात, सगळीकडे सांगितलंय. आता त्या शिव्या गोळा कशा करू?"

मावशी म्हणाल्या, राहू दे, निरोपासारख्या त्यांच्या त्या फिरून परत येतील.

मग अकबेरेतने आपली बाजू सांगितली. नवऱ्याचा अर्ज, पगार, घर, कचेरीच्या बाई, आणि अडलेलं एक नाव. सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला, की मीही कान टवकारले, असते तर. झेरायने लगेच फोन काढला. बोटं चालली, पत्ता बदलायचं पान उघडलं, आणि तिथे तो थांबला.

"खरं सांगू, ताई? नाव मुद्दामच काढलं नव्हतं. तिकडे खोलीत सहा जण असतो, घर कारखान्याच्या मालकाचं. वाटायचं, एका घरी तरी आपलं नाव आहे. चुकीचं का होईना."

मावशी कॉफीत बघत राहिल्या.

अकबेरेत म्हणाली, "सरकारच्या यादीतून काढ. इथून कोण काढतंय?"

झेरायने बोट टेकवलं. नाव गेलं. मग तिसरा कप ओतला गेला, आणि तो तिसरा कप असतो आशीर्वादाचा.

पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही, पण माझ्यावर बसून ते इतक्या वेळा सांगितलं गेलं, की मला तोंडपाठ आहे. कचेरीचा निर्णय झाला आणि वकिलातीतून आधी तेस्फालेमला कळला. त्याने अकबेरेतला फोन केला. ती ट्राम चालवत होती, फोन डब्यात बंद. त्याने मावशींना फोन केला. मावशींनी कढई उतरवली, थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या, अकबेरेतची गाडी आली तशा चढल्या आणि अगदी पुढच्या आसनावर बसल्या. चालकाशी बोलू नये, अशी पाटी तिथे होती. मावशी बोलल्या नाहीत.

अकबेरेतला आरशात त्या दिसत होत्या. लेतेब्रहान मावशी समोर बसल्यात आणि बोलत नाहीत, हे तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मयताला मावशी बोलायच्या. प्रार्थनेत बोलायच्या. एकेक थांबा जात होता आणि अकबेरेत पुन्हा पुन्हा आरशात बघत होती. नामंजूर झालं, यापलीकडे दुसरं काही असूच शकत नव्हतं. ती नियमाप्रमाणे दारं उघडत होती, दारं बंद करत होती, घंटा वाजवत होती आणि मनातल्या मनात तेस्फालेमला कसं सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होती. तिला माहीत होतं तो काय म्हणेल. चालेल, म्हणेल.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. तिने केबिनचं दार उघडलं. "मावशी, काय झालं?"

"अगं, बोलायला बंदी आहे ना."

"गाडी थांबलीय आता. बोल."

"मिळाला तुझा नवरा," मावशी म्हणाल्या. "परवाना आला. तिकीट काढायला सांगितलंय त्याला. आणि तुझ्या गाडीत बसायला जागा फार कडक आहे गं."

त्या दिवशी टेकडीवरून परत जाणारी ट्राम जरा उशिरा निघाली. कारण विचारलं तेव्हा अकबेरेतने कळवलं, तांत्रिक अडचण.

तेस्फालेम आला. उंच, किडकिडीत, हसला की डोळे बारीक होणारा. विमानतळावर सात भावांचं वऱ्हाड होतं, शिवाय झेराय, शिवाय हाब्तोम, ज्याने सगळ्यांना झेरायची ओळख करून देताना किती गुणी माणूस आहे असं दहा वेळा सांगितलं. उपवास संपले होते. रेनडिअर शिजलं. मग सगळे गेले, आणि खोलीत दोघंच राहिली आणि मी.

मला वाटलं, आता सुखाने राहतील. पण एक गोष्ट मला खटकू लागली.

अकबेरेत सकाळच्या पाळीला निघून जायची. तेस्फालेम उठायचा, चादर काढायचा आणि तिची घडी घालायचा. अशी घडी, की कोपऱ्याला कोपरा, दुकानात ठेवावी तशी. मग मला मिटायचा. मग कप धुवायचा, पुसायचा आणि माझ्या अगदी कडेला बसून राहायचा. त्याची बॅग दाराजवळ होती, चेन लावलेली. टॉवेल बॅगेत, दात घासायचा ब्रश बॅगेत, चपला बॅगेशेजारी. आंघोळ झाली की सगळं परत बॅगेत. दर दिवशी.

एकदा अकबेरेतला सुटी होती. ती बघत राहिली. मग म्हणाली, "असा का बसतोस रे? दवाखान्यात नंबर लावल्यासारखा."

"सवय झालीय," तो म्हणाला. "सहा वर्षांत अकरा घरं बदलली. ज्याच्याकडे राहायचं त्याला अडचण नको."

"इथे कोणाला अडचण?"

तो विचारात पडला. "तुला."

"मी घरची. आणि तू?"

त्याने दाराजवळच्या बॅगेकडे बघितलं. तिने वाद घातला नाही. ती उठली, त्याचा ब्रश घेऊन आपल्या ब्रशशेजारी पेल्यात ठेवला आणि कामाला लागली. संध्याकाळी ब्रश परत बॅगेत होता.

असेच काही महिने गेले. दोघांचा संसार एका पगारावर चालला होता, ओढाताण होती, पण ती तिने स्वतः मागून घेतलेली होती, त्यामुळे तक्रार नव्हती. तेस्फालेम भाषा शिकू लागला, एका शाळेच्या खानावळीत त्याला काम लागलं. बॅग दाराजवळच होती. घडी रोज होत होती. मित्रांनो, माझ्यावर नाही नाही ते लोक झोपले, पण इतका हलका कोणीच झोपला नव्हता. जणू वजनही उसनं आणलंय आणि ते परत करायचंय.

आणि मग एका सकाळी त्याला उशीर झाला. अकबेरेत पहाटेच गेली होती. घड्याळ बघून तो ताडकन उठला, एक मोजा सापडला, दुसरा सापडेना, शेवटी दुसऱ्याच रंगाचा घातला आणि पाव तोंडात धरून जिन्यावरून धावला. दार धाडकन लागलं.

मी उघडाच राहिलो. चादर अर्धी माझ्यावर, अर्धी जमिनीवर. उशी कुठल्या कुठे. टॉवेल माझ्या पाठीवर ओला पसरलेला.

दुपारी अकबेरेत आली. दारात थबकली. तिने चादर बघितली, टॉवेल बघितला. मला वाटलं, आता हिच्या कपाळाला आठी पडणार. तिने पायांतले बूटही काढले नाहीत. ती हळूच आली, त्या चुरगळलेल्या चादरीवर बसली, मग आडवी झाली, आणि तिने तिथूनच फोन लावला.

"मावशी," ती म्हणाली, "आला एकदाचा."

मावशी पलीकडून विचारत होत्या, कोण आला, कुठून आला, जेवायला किती जण आहेत. अकबेरेत उत्तर देत नव्हती. ती नुसती पडून होती, आणि मी तिला इतकं जड कधी अनुभवलं नव्हतं.

तर मित्रांनो, माझं सांगणं एवढंच आहे. माझ्यासारख्या जुन्या सोफ्याची काळजी घ्या. वर्षातून एकदा बिजागऱ्यांना तेल द्या. मला उघडताना लाथ मारू नका, मिटताना आत कोणाचं बोट तर नाही ना ते बघा. येईल त्याला झोपू द्या. पण घरातल्या एखाद्याने सकाळी चादर तशीच टाकली आणि तो निघून गेला, तर लगेच आवाज चढवू नका. थोडा वेळ ती तशीच राहू द्या. कोणीतरी फार लांबून, फार खटपटीने, तेवढ्यासाठी इथवर आलेलं असतं.